धातूला हात लावलेला माणूस

प्रिय ठमे,

अक्षर वेडंवाकडं दिसतंय म्हणून बाबा म्हातारे झाले असं समजू नकोस. गेल्या महिन्यापर्यंत मी सुईत दोरा एका फटक्यात ओवत होतो, शेजारच्या शिंपीणबाई अजून त्यासाठी मलाच हाक मारतात. हात कापतोय तो मी घाबरलोय म्हणून. हे एकदा लिहून टाकलं की पुढचं लिहायला सोपं जाईल असं वाटलं होतं, पण तसं काही झालेलं नाही. पत्र टपालाने पाठवत नाही. तुझी मावशी परवा तुझ्याकडे येणार आहे, तिच्या विणकामाच्या पिशवीत लोकरीच्या गुंड्यांखाली ठेवून देणार आहे. तिला सांगितलंय की बापलेकीचं भांडण मिटवायचं पत्र आहे. ते खोटं नाही, फक्त अर्धं आहे. कोऱ्या कागदांचा गठ्ठा बघून ती हसून म्हणाली, एवढी पानं लागतात का माफी मागायला? तिच्यासमोर हे उघडू नकोस. ती झोपायला गेली की किंवा बाजारात गेली की वाच, आणि वाचून झालं की शेगडीत घाल.

चार महिने झाले आपल्याला बोलून. चिंगीच्या वाढदिवसाला आलो होतो, केक कापून झाला होता, पाहुणी पोरं आपापल्या घरी गेली होती, आणि तू कागदी बशा बाजूला सारून तो गठ्ठा माझ्यापुढे ठेवलास. वर ‘आपला देश, आपलं अस्त्र’ असं छापलेलं आणि खाली सह्यांचे रकाने. पहिली सही बाबांची हवी म्हणालीस. जावईबापूंना राखीव दलात बोलावून सरहद्दीवर नेलं त्याला तेव्हा तीनच आठवडे झाले होते. तू शांतपणे समजावत होतीस, वर्गात पोरांना भागाकार समजावतेस तशी. शेजाऱ्याकडे अणुबॉम्ब आहे, आपल्याकडे नाही. ज्या मोठ्या दोस्तराष्ट्राच्या छत्राखाली आपण एवढी वर्षं निवांत राहिलो, त्यांचं नवं सरकार म्हणतंय की ज्याने त्याने आपलं बघावं. मग छोट्या देशाने काय करायचं, दुसऱ्याच्या दारात हात पसरून उभं राहायचं? मी सही केली नाही. का करत नाही तेही सांगितलं नाही. उठलो, कोट चढवला आणि दाराकडे निघालो. तू मागून म्हणालीस, “बाबा, तुम्ही भित्रे आहात.” बसथांब्यावर पोचेपर्यंत मला ते पटलंही होतं. राग आला तो शब्दाचा नाही. मला का भीती वाटते हे तुला सांगण्याची मला परवानगी नव्हती, त्याचा आला.

इकडची हालहवाल अशी, की माणसं एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलायला लागली आहेत. लष्करी तळावरून दोस्तराष्ट्राचे ट्रक परत गेले ती रांग आमच्या चौकातून सकाळभर चालली होती. पहिले दोन-चार ट्रक गेले तेव्हा लोकांनी हात हलवले. नंतर कुणी हलवेना. तळाच्या फाटकाबाहेरच्या न्हाव्याने दुकानाला कुलूप लावलं, त्याची निम्मी गिऱ्हाइकं तिथले सैनिकच होते. औषधांच्या दुकानात किरणोत्सर्गावरच्या आयोडीनच्या गोळ्यांसाठी चिठ्ठ्या देतात, माझी चिठ्ठी दोनशे चाळिसावी. दर बुधवारी अकरा वाजता भोंग्याची चाचणी होते आणि सगळा रस्ता भोंगा संपेपर्यंत जागच्या जागी थांबतो. भाजीवाला तराजू हातात धरून थांबतो. चाचणी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी भोंगा थांबला की सगळे एकदम मोठमोठ्याने बोलायला लागतात. खालच्या मजल्यावरच्या वायरमनने तळघराच्या खिडक्यांना वाळूची पोती लावली आणि जमिनीवर खडूने चौकोन आखले, प्रत्येक घराला एक. मी एकटा म्हणून मला अर्धाच मिळाला. उरलेला अर्धा शिंपीणबाईंच्या मांजराला. मी हसलो, बाईही हसल्या, आणि वर येताना मी जिन्यातच बसून राहिलो.

आता जे सांगायचंय ते सांगतो. तू शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून ‘पंपाच्या कारखान्यात टर्नर’ असं लिहायचीस, ते बरोबर होतं. पण त्याआधीची पाच वर्षं मी डेअरीची यंत्रं बनवायच्या कारखान्यात होतो असं जे तुला सांगितलं, ते खोटं होतं. मी सत्ताविसाचा होतो. लेथवर माझा हात चांगला बसला होता, इतका की तंत्रशाळांतले मास्तर पोरं घेऊन माझं काम बघायला यायचे. एक दिवस एक साहेब आला, त्याने मला एका लहानशा वाटीचं चित्र दाखवलं आणि विचारलं की अशी वाटी कातायला सांगितली तर केसाच्या कितव्या भागापर्यंत चूक होईल. मी म्हटलं, दहाव्या. तो म्हणाला, आम्हाला विसावा लागेल. मी म्हटलं, मग मशीन तुमचं, हात माझा, बघू. एवढ्या बढाईवर मला नोकरी मिळाली. बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याखाली तळघर होतं. आम्ही अकरा जण. आमच्या देशाचा, आपल्या देशाचा, बॉम्ब तिथे तयार होत होता. तो कधी पुरा झाला नाही, पण कितपत आला होता हे मला माहीत आहे, कारण त्याचा गाभा माझ्या हातून जात होता.

तू आता उठून उभी राहिली असशील. बस. तुला वाटत असेल की बाबांना तेव्हा भीती वाटली असणार, म्हणून ते आज असे आहेत. नाही गं. मला भीती वाटली नाही, आणि आज मला भीती वाटते ती त्याचीच. मला आनंद होत होता. आधी वर्षभर आम्ही साध्या धातूवर हात बसवला. आमचे मास्तर, म्हणजे तळघरातले मुख्य कारागीर, तयार वाटी डोळ्यांसमोर धरायचे, खिडकी नसलेल्या त्या खोलीत दिव्याखाली फिरवायचे आणि शिट्टीच्या हातात द्यायचे. शिट्टी म्हणजे माझा जोडीदार. काम करताना अखंड शिट्टी वाजवायचा, त्याचं खरं नाव तळघरात कुणी घेतलं नाही. शिट्टी मोजमाप करायचा आणि आकडा सांगायचा, आणि तो आकडा ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. पुढे खरा धातू आला. जड, काळसर, हातमोज्यातूनही किंचित कोमट लागायचा. लोखंड, पितळ, काहीही कातताना त्याच्या आवाजावरून कळतं की आता हत्यार मागे घ्यावं. हा धातू काही सांगायचा नाही. त्याचं ऐकायला शिकायला मला दोन वर्षं लागली, आणि ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी मी घरी येताना तुझ्या आईसाठी फुलं घेतली. ती वाटी कशासाठी आहे हे मला ठाऊक होतं. एवढ्याशा वाटीत एक आख्खं शहर मावतं हेही ठाऊक होतं. तरी फुलं घेतली.

एकदा आग लागली. त्या धातूचा कीस म्हणजे कातताना निघणारी कात्रणं फार लवकर पेट घेतात. तेलाच्या डब्यात ती बुडवून ठेवायची असतात. एका दुपारी एका नव्या पोराने घाईत डबा भरला, वर थोडा कीस उघडा राहिला आणि तो आपोआप लाल व्हायला लागला. पोराने पाण्याची बादली उचलली. मास्तरांनी ती त्याच्या हातून हिसकावली, कारण पाणी पडलं असतं तर डबा आमच्या तोंडावर उडाला असता. वाळूचं घमेलं लांब होतं. मास्तरांनी स्वतःच्या हातांनी डब्याचं झाकण दाबून धरलं, वाळू येईपर्यंत. त्यांच्याभोवती पिवळट धूर होता आणि ते आम्हाला सांगत होते, मागे व्हा, श्वास घेऊ नका, आणि स्वतः घेत होते. हात बरे झाले. छाती नाही. तीन वर्षांनी गेले. त्यांच्या घरी सांगितलं की जुना दमा होता. मी त्यांच्या बायकोसमोर बसून दम्याबद्दल बोललो, कोणती हवा मानवते वगैरे.

मग दोस्तराष्ट्राला सुगावा लागला. त्यांची माणसं आली, स्वच्छ बूट घातलेली, फार नम्र. वरच्या पातळीवर काय बोलणं झालं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण निकाल एका आठवड्यात लागला. आपण बॉम्ब करायचा नाही आणि त्याच्या बदल्यात आपल्यावरचा हल्ला तो त्यांच्यावरचा हल्ला. कागदावर सह्या झाल्या, तळ उभा राहिला, सैनिक आले. आम्हाला सांगितलं की तळघर मोकळं करा. ज्या लेथवर मी पाच वर्षं काम केलं तो मी स्वतः गॅसने कापला, चार तुकडे केले. आमच्याजवळचे आराखडे शेगडीत गेले. मास्तर तेव्हा खोकत होते, जिन्यात बसून बघत होते. म्हणाले, बरं झालं. मला बरं वाटलं नाही, मला रडू आलं. तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. घरी आलो तर तू लाकडी चमच्याने पातेलं वाजवत होतीस, आणि मी तुझ्याकडे बघून एवढंच म्हटलं की उद्यापासून काय करू. तुझ्या आईने काही विचारलं नाही. पुढे कित्येक वर्षांनी, एकदा कपडे वाळत घालताना, तिने सहज म्हटलं की डेअरीच्या यंत्रांवर काम करणाऱ्या माणसाच्या कपड्यांना एकदाही दुधाचा वास आला नाही, नवल आहे. मी चिमटे देत राहिलो. तिने पुढे कधी विषय काढला नाही, आणि मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय.

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात एक बाई आणि एक पुरुष. पुरुष शेवटपर्यंत बोलला नाही. बाई तुझ्याच वयाची, केस मागे बांधलेले, पोटाशी फाइल. खुर्चीच्या कडेवर बसली आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मला गुडघा दुखतो हे तिला कुठून कळलं हे विचारायचं धाडस मला झालं नाही. फाइल उघडली तर वरच माझा सत्ताविसाव्या वर्षाचा फोटो, तो मी स्वतः कधी पाहिला नव्हता. ती म्हणाली की निर्णय झालेला आहे, जाहीर व्हायचाय एवढंच. लोकांचीही मागणी आहे, लाखो सह्या आल्या आहेत. हे ऐकताना मला तुझं टेबल दिसलं. मी म्हटलं, आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं काय काम. तेव्हा तिने फाइल मिटली.

“काका, आमच्याकडे कागद आहेत, यंत्रं आहेत,” ती म्हणाली. “हात नाहीत. त्या धातूला हात लावलेली दोनच माणसं देशात उरली आहेत.”

दुसरा कोण ते मी विचारलं नाही. अकरांपैकी नऊ जणांना मी खांदा दिलाय किंवा फुलं पाठवली आहेत. शिट्टी वृद्धाश्रमात आहे आणि त्याला स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. म्हणजे उरलो मी. आठ महिने, तीन पोरांना शिकवायचं, आठ महिने घरी यायचं नाही, फोन नाही, पत्र नाही. मी आठ दिवसांची मुदत मागितली. ती लगेच हो म्हणाली, जणू फाइलमध्ये तेही लिहून आणलं होतं. जाताना एक कागद पुढे केला, की या भेटीबद्दल कुठे बोललो तर किती वर्षं आत. त्यावर मात्र मी सही केली. तुझ्या कागदावर नाही केली आणि त्यावर केली.

ते आठ दिवस माझे कसे गेले विचारू नकोस. रस्त्यात गाडीचं दार आपटलं की मी उठून खिडकीच्या कडेने खाली बघायचो. मी तुझ्याशी मनातल्या मनात वाद घालत होतो. तुझं म्हणणं मी जितक्या वेळा खोडलं तितक्या वेळा ते परत उभं राहिलं. त्यांच्याकडे असताना आपल्याकडे नसणं म्हणजे त्यांच्या मर्जीवर जगणं, हे खरं आहे. जावईबापू ज्या खंदकात बसले आहेत तो खंदक त्यांच्या मर्जीवर आहे, हेही खरं. पण ठमे, मला एक गोष्ट दिसते जी त्या छापील कागदावर नव्हती. बॉम्ब नसलेला देश आणि बॉम्ब असलेला देश यांच्यामध्ये आठ महिन्यांचा एक काळ असतो, ज्यात तो देश बॉम्ब करत असतो. तो सगळ्यात वाईट. कारण शेजाऱ्याला सुगावा लागला, आणि तो लागतोच, तर तो थांबेल कशाला? आपण हात उगारायच्या आत तो हात कापेल. आणि समजा निभावलं, बॉम्ब झाला, तर पुढे? त्यांच्याकडे इतका मोठा मुलूख आहे की चार शहरं गेली तरी देश उरतो. आपण सकाळी आगगाडीत बसलो तर दुपारी देश संपतो. दोघेही एकमेकांना घाबरून बटणावर बोट ठेवून बसणार, आणि बोट थकतं. मी आयुष्यभर मशीनवर काम केलंय. शहाण्यातला शहाणा कारागीरसुद्धा एखाद्या दुपारी चुकतो. एवढं सगळं पटत असूनही मी दुसऱ्या क्षणी चिंगीचा विचार करायचो आणि वाटायचं, नसेल बॉम्ब आणि ते आले तर? उत्तर मला सापडलं नाही. हुशार माणसांना सापडलं असेल.

सहाव्या दिवशी शिट्टीला भेटायला गेलो. खिडकीपाशी खुर्चीत बसवला होता, मांडीवर चादर. मला ओळखलं नाही, अहोजाहो करत होता, डॉक्टर समजला असावा. मी जवळ बसलो आणि, काय सुचलं कुणास ठाऊक, त्याला विचारलं की खरा धातू लावायचाय, काय काय तयारी ठेवू. त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे एकदम तिशीतल्या माणसाचे झाले. मग तो माझं मनगट धरून हळू आवाजात म्हणाला, “वाळू जवळ ठेव. पोरांना सांग, पाणी नाही. आधी ते सांग, मग बाकीचं शिकव.” तेवढं बोलून तो पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. त्याच्या बोटांची पकड माझ्या मनगटावर संध्याकाळपर्यंत जाणवत होती.

मी हो म्हटलं. का म्हटलं हे तुला नीट सांगता यावं असं मला फार वाटतं. वाळूचं कारण मी सगळ्यांत वर ठेवतो. मी गेलो नाही तरी ती तीन पोरं लेथसमोर उभी राहणारच आहेत, आणि कुणीतरी बादली उचलणारच आहे. हे कारण चांगलं आहे, दहा माणसांत सांगता येईल असं. त्याच्याखाली तुझं कारण आहे, की ते आले तर. आणि त्याच्याही खाली एक आहे ते मी फक्त तुलाच सांगतो. फाइलवाल्या बाईंनी ‘हात नाहीत’ म्हटलं तेव्हा माझे हात मांडीवर होते, आणि त्यांना बरं वाटलं. चाळीस वर्षांनी कुणीतरी त्यांना बोलावत होतं. मी भित्रा आहे हे तू ओळखलंस, पण कशाला भितो ते तुला माहीत नव्हतं.

परवा मला जागा दाखवायला नेलं. गाडीच्या खिडक्यांना पडदे होते. दोन तासांहून थोडा जास्त रस्ता, मधे एक रेल्वे फाटक, मग चढण, मग दगडी पूल, त्याच्यावर गाडी नेहमीसारखी तीनदा आदळली. नेहमीसारखी हा शब्द माझ्या मनात आला आणि मी दचकलो. गाडी एका बंद आवारात शिरली. बटाटे साठवायचं जुनं शीतगृह आहे, आत जाड भिंती, खाली तळघर नव्याने खोदलेलं, यंत्रं खोक्यांमध्ये आलेली. तीन पोरं म्हणजे दोन तरुण आणि एक मुलगी, मुलीचा हात चांगला आहे, हत्यार धरण्यावरूनच कळलं. मी त्यांना आधी वाळू आणायला लावली. बाई माझ्याबरोबर फिरत होत्या. मी त्यांना विचारलं की हे डोंगरात का नाही केलं, माणसांपासून लांब. त्या म्हणाल्या की वरून उपग्रह बघतात, ओसाड जागी दहा गाड्या गेल्या तरी लक्षात येतं, इथे ट्रकांची ये-जा आधीपासून आहे. मी म्हटलं, पण आजूबाजूला वस्ती आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, “वस्ती आहे म्हणूनच, काका. वस्तीवर मारायला ते दहादा विचार करतील.” मला वाटतं त्यांचा त्यावर विश्वास आहे. वाईट बाई नाहीत त्या. बोलताना फाइलचा कोपरा नखाने कुरतडत होत्या.

मग मी जरा हवा खातो म्हणून आवारात आलो. कुंपणाची भिंत उंच आहे, वर काचा लावलेल्या, पलीकडचं काही दिसत नाही. पलीकडे पोरांचा गलका चालला होता, मधली सुट्टी असावी. घंटा झाली, गलका थांबेना, आणि एक बाई मोठ्याने ओरडली की आता जो शेवटी रांगेत येईल तो आज फळा पुसेल. चार महिन्यांत मी तुझा आवाज ऐकला नव्हता, ठमे. घसा बसलाय तुझा, काढा घे. मी भिंतीला हात लावून उभा होतो, हाक मारली असती तर तुला ऐकू आली असती, आणि मागे तो न बोलणारा माणूस उभा होता. पत्र लिहिलं ते एवढ्याचसाठी. सोमवारी मी तिथे जातोय, तुझ्या शाळेच्या भिंतीला लागून आठ महिने असेन, आणि त्या आठ महिन्यांत तू आणि चिंगी तिथे असता कामा नये. बदली माग, आजारपण काढ, माझ्या नावाने काहीही सांग. बाबा अंथरुणाला खिळलेत म्हण आणि इकडे माझ्या घरात येऊन राहा, किल्ली मावशीकडे दिली आहे. जावईबापूंना काही लिहू नकोस, त्यांची पत्रं उघडली जातात. आता तू पान खाली ठेवून विचारशील, हे मला माहीत आहे, की बाबा, माझ्या वर्गातल्या एकतीस मुलांचं काय. त्यांच्या घरी सांगितलंस तर उद्या सगळं गाव रिकामं होईल, परवा ते वरून दिसेल, आणि मग काय होईल ते मला उच्चारवत नाही. नाही सांगितलंस तर ती रोज त्या भिंतीला चेंडू मारत राहतील आणि आतून मला तो आवाज येत राहील. एकतिसांना तिथे ठेवून माझी दोन माणसं काढून घ्यायला मी तुला सांगतोय, हे किती नीच आहे ते लिहिताना मला दिसतंय, आणि तरी मी ते खोडत नाही. तू काय करशील मला कळणार नाही. त्या भिंतीपलीकडून तुझा आवाज येतोय की नाही, एवढंच मला कळेल, आणि मी देवाकडे रोज काय मागेन हे तुला सांगायला नको: की तो येऊ नये.

आयुष्यात कधी नव्हता इतका घाबरलेला, आणि तरीही तुझाच,

बाबा